इतिवृत्तात न आलेलं

हजर सहा जण. एमलिन उशिरा आला,
सायकलची साखळी निसटली म्हणून.
हे मी लिहिलं.

विषय एक फार लांबला.
गुरुवारच्या दुरुस्तीच्या टेबलावर या महिन्यात
अकरा छत्र्या, दोन टोस्टर, एक बोलणारी बाहुली
(ती बोलत नाहीच, पण रडायची थांबली आहे).
श्रीमती प्रॉसरनी हिरव्या बाहीचं भोक
मुद्दाम लाल लोकरीनं रफू केलं.
म्हणाल्या, दिसू दे की. लाज कसली.

विषय दोन, दफनभूमीतलं गवत.
जुलैपर्यंत कापायचं नाही असं ठरलंय.
आता थडग्यांमधून गुडघाभर उंच,
त्यात जांभळी, पिवळी, नाव नसलेली फुलं
(नावं आहेत, नेस्टा दर वेळी सांगते, माझ्या लक्षात राहत नाहीत)
आणि मधमाश्या. पाळकबाई म्हणतात, त्यांना वेल्श येतं.
एकच चौकोन कायम भादरलेला.
इस्लविन पहाटे येतो, गुडघे टेकून
शिवणाच्या कात्रीनं
मार्गेडच्या अंगावरचं गवत कापतो.
फुलांच्या नकाशात तो चौकोन
आम्ही न बोलता कोरा सोडला.
हे कुठेच लिहिलेलं नाही.

मग विषय तीन. बॉयलर.

आमचं चॅपल कोळशानं बांधलंय.
म्हणजे दगडानंच, पण दगडाचे पैसे
खाणीतल्या माणसांनी आठवड्याला पेनी-पेनी करून जमवले.
कितीही चोळून धुतलं तरी पापण्यांच्या कडांना काळं उरायचं.
तसेच, काजळ घातल्यासारखे,
ते रविवारी या बाकांवर बसायचे.
खाण मिटली त्याला किती वर्षं झाली.
समोर हिरवं दिसतं तो डोंगर नाही,
ढिगारा आहे. त्यावर मेंढ्या चरतात.
आणि मागच्या फेब्रुवारीत नदी
खालच्या गल्लीत लोकांच्या जिन्याची चौथी पायरी चढून गेली.

पाळकबाई पहिल्यांदा ‘सृष्टीची काळजी’ म्हणाल्या
तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी पुटपुटलं होतं,
आमची घेतली असती आधी, तर.
म्हणून या विषयावर बोलताना सगळे
चपला हातात घेऊन चालल्यासारखे.

एमलिननं तेलाचा खर्च वाचला. मग अनुदानाचा अर्ज, पान चार.
नेस्टानं मेणबत्ती खिडकीशी धरून
ज्योत कुठे कुठे वाकते ते दाखवलं.
सगळीकडेच वाकत होती.

इस्लविन समितीत नाही.
दारात उभा होता, टोपी हातात, छाती शिट्टी वाजवत.
(ती शिट्टी खाणीची. निवृत्तिवेतनासोबत मिळते.)
आम्हाला वाटलं, आता ऐकावं लागणार.

हा माझा बाप पेटवायचा, तो म्हणाला.
तेव्हा कोळशावर होता. शनिवारची पाळी संपवून सरळ इथे,
तुमच्या आज्ज्यांचे पाय गार पडू नयेत म्हणून.
मग थांबला.
श्वास गोळा करायला त्याला वेळ लागतो.
आम्हीही थांबलो.

बंद करायचा तर करा.
पण शेवटची चावी मी फिरवणार.

टेगवेन उठून कप विसळायला गेली.
विसळलेलेच होते.
ठराव एकमतानं मंजूर. हे लिहिलं.

नवा पंप यायचा आहे. अर्ज कुठल्याशा टेबलावर आहे.
डिसेंबरभर आम्ही कोटातच गायलो,
प्रत्येक ओळीमागे तोंडातून वाफ,
आणि प्रवचन अकरा मिनिटांवर आलं,
ज्याबद्दल देवाचे आभार दोन वेगवेगळ्या लोकांनी मानले.
कुणी म्हणालं, मूर्खपणा आहे हा,
सात म्हातारे थंडीत बसून जग वाचवणार.
खरंच असेल. मी मोजले, आठ होतो.

इस्लविन अजून त्याच जागी बसतो, बॉयलरशेजारी.
उजवा हात गार लोखंडावर,
म्हाताऱ्या बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा.
मांडीवर घोंगडी. तिच्या कोपऱ्यात
लाल लोकरीचा टाका.

पुढची सभा चौदा तारखेला, सात वाजता.
येताना स्वेटर घालून यावे.